सस्पेन्स खात्यातला देव

बँकेत सस्पेन्स नावाचे एक खाते असते. ज्यांनी बँकेत कधी नोकरी केली नाही त्यांना ते ठाऊक असण्याचे कारण नाही. पण आत बसणाऱ्या प्रत्येकाची झोप त्याने कधी ना कधी उडवलेली असते. संध्याकाळी दिवसाचा हिशेब जुळवायला बसावे, डेबिट आणि क्रेडिट यांच्यात एकशे अठरा रुपयांची तफावत यावी, सगळी व्हाउचर्स दोनदा तपासून झाली तरी ती सापडू नये आणि घरी जायची गाडी तर चुकायच्या बेतात असावी. मग करायचे काय? ते एकशे अठरा रुपये सस्पेन्सला टाकायचे, हिशेब जुळला असे म्हणायचे आणि शटर खाली ओढायचे. 'कारण अजून कळलेले नाही' एवढाच त्या नोंदीचा अर्थ. पुढे चार दिवसांनी म्हणा, चार महिन्यांनी म्हणा, चूक सापडते आणि नोंद उलटवली जाते. कारणे सापडत जातील तसे हे खाते आटत जाते. आटले नाही, तर ऑडिटर भुवया उंचावतो.

हे सगळे आज सांगतो आहे ते बँकेविषयी लिहायचे म्हणून नव्हे. लिहायचे आहे ते देव, विश्वाचा आरंभ आणि एक बाप-लेक यांच्याविषयी. पण वीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला विचार करायला दुसरी भाषा सापडत नाही. शिवाय ज्या दुहेरी नोंदीच्या पद्धतीने मला इतकी वर्षे जेवू घातले, तिची पहिली छापील मांडणी १४९४ साली व्हेनिसमध्ये लुका पाचोली नावाच्या एका फ्रान्सिस्कन धर्मबंधूने केली होती. तेव्हा चर्च आणि हिशेब यांचे नाते मी जुळवलेले नाही, ते जुनेच आहे.

१९८९ साली माझी बदली वसईच्या शाखेत झाली. तेव्हाची वसई आजच्यासारखी इमारतींनी भरलेली नव्हती. स्टेशनपासून थोडे आत गेले की केळीच्या बागा, पानवेली, विहिरी आणि वाटेच्या वळणावर फुलांची माळ घातलेला एखादा क्रूस. खातेदारांत निम्मे कॅथलिक. घरात सामवेदी बोलणारी, चर्चमध्ये मराठीतून मिस्सा ऐकणारी, पासबुकातली एकेक ओळ बोट ठेवून वाचणारी माणसे. आमचे हेड कॅशियरही त्यांच्यातलेच. त्यांचे नाव इथे लिहीत नाही; शाखेत सगळे त्यांना काका म्हणत, मीही म्हणत असे. ते मात्र वयाने पंचवीस वर्षांनी मोठे असूनही मला 'साहेब' म्हणत.

काकांचा एक नियम होता. कॅश कमी आली तर तफावत शोधायची. सापडली नाही तर त्याच संध्याकाळी स्वतःच्या खिशातून भरायची. सस्पेन्सला टाकायची नाही. "साहेब, एकदा का त्या खात्याची सवय लागली की माणूस शोधायचा थांबतो," असे ते म्हणत. १९९० साली शाखेत लेजर पोस्टिंगचे यंत्र आले. आम्ही त्याला हळदीकुंकू लावले, नारळ फोडला. काकांनी दोन बोटांनी कपाळ आणि छाती यांना हळूच स्पर्श करून क्रूसाची खूण केली. दुपारी वीज गेली आणि सगळे पुन्हा जुन्या लेजरांकडे वळलो. असो.

१९९२ च्या एप्रिलमध्ये काका चार-पाच दिवस गप्प गप्प होते. ईस्टर त्या वर्षी १९ एप्रिलला होते. शेवटी एका संध्याकाळी, कॅश जुळल्यावर, ते माझ्या टेबलासमोर येऊन बसले. त्यांचा धाकटा मुलगा मुंबईत पदार्थविज्ञानात एम.एस्सी. करत होता. तो ईस्टरच्या मिस्सेला आला नव्हता. 'विश्व समजून घ्यायला मला देवाची गरज लागत नाही; मग नुसते तुमच्या समाधानासाठी गुडघे टेकणे हा खोटेपणा होईल,' असे त्याने आईवडिलांना सरळ सांगितले होते. आई दोन दिवस जेवली नव्हती.

काकांनी खिशातून एका इंग्रजी दैनिकाचे कात्रण काढले. बातमी अमेरिकेच्या 'कोबे' या उपग्रहाची होती. सगळ्या आकाशातून येणाऱ्या अतिशीत प्रारणात लाखात एखादा अंश इतक्या सूक्ष्म चढउतारांच्या खुणा या उपग्रहाने टिपल्या होत्या. पुढे ज्यांच्यातून तारकाविश्वे घडली त्या या खुणा. २३ एप्रिलला हे जाहीर करताना त्या चमूचे प्रमुख जॉर्ज स्मूट म्हणून गेले की, धार्मिक माणसासाठी हे देवाला पाहण्यासारखेच आहे. वर्तमानपत्रांना आणखी काय हवे?

"साहेब, तुम्ही वाचणारे. यात काही आहे का?"

इथे माझी चूक सुरू होते. त्या काळात मी विज्ञानावरची लोकप्रिय पुस्तके हावरटासारखी वाचत होतो आणि वाचलेले कुणाला तरी सांगायला मिळावे याची वाटच पाहत होतो. मी ऐटीत म्हणालो, "आहे म्हणजे काय काका! विश्वाला आरंभ आहे हे आता विज्ञानच सांगतं. आरंभ आला म्हणजे आरंभ करणारा आला. मुलाला हे दाखवा. त्याच्याच शास्त्रातलं आहे, नाही म्हणून म्हणेल कसा?"

येत्या रविवारी त्यांनी मला जेवायला बोलावले. मी धीर द्यायला बरोबर असावे, असा हेतू असणार. तांदळाच्या भाकऱ्या होत्या, कोंबडीचा रस्सा होता. जेवण अर्ध्यावर आले तेव्हा काकांनी कात्रण मुलापुढे सरकवले आणि मी शिकवलेले वाक्य जसेच्या तसे म्हटले.

मुलाने बातमी वाचली. तो उर्मट नव्हता, हे मुद्दाम सांगतो. तो म्हणाला, "पप्पा, निरीक्षण मोठं आहे. पण देवाचं वाक्य वर्तमानपत्रासाठी आहे. आणि महास्फोट सगळेच मानतात असंही नाही. डॉ. नारळीकर मानत नाहीत. त्यांना आणि हॉएलना विश्वाला आरंभच असल्याचं मान्य नाही." मग जरा थांबून त्याने विचारले, "समजा, उद्या हा महास्फोट खोटा ठरला. तर तुम्ही मिस्सेला जाणं सोडाल का?"

काकांनी माझ्याकडे पाहिले. माझ्याकडे काहीच नव्हते. त्यांनी कात्रणाच्या चार घड्या घातल्या, ते खिशात ठेवले आणि भाकरी मोडायला घेतली. ताटातले संपवले, पण त्या घरात त्या दिवशी पुन्हा कुणी बोलले नाही.

मुलगा दोन वर्षांनी परदेशी गेला. पदार्थविज्ञान सोडून संगणकात शिरला. बापलेकांचे बोलणे तब्येत, पाऊस आणि केळीचा भाव यांच्यापलीकडे जाईनासे झाले. भांडण असते तर मिटवता आले असते. इथे भांडण झालेच नव्हते. काका १९९५ साली निवृत्त झाले. मी २००१ साली, बँकांत स्वेच्छानिवृत्तीची लाट आली तेव्हा, बाहेर पडलो आणि कादंबऱ्या लिहू लागलो. पण ती रविवारची दुपार मनातून जाईना. एका बापाच्या हातात मी लाकडी तलवार दिली होती आणि ती पोलादी असल्याचे सांगितले होते.

पुढे एका कादंबरीसाठी मला एक शास्त्रज्ञ धर्मगुरू हवा होता. कादंबरी फसली, ती छापली गेली नाही याचे आज बरेच वाटते. पण त्या शोधात मला जॉर्ज लमेत्र भेटले. गंमत अशी की, ज्या महास्फोटाच्या जोरावर मी देव सिद्ध करायला निघालो होतो, त्याची कल्पना मांडणारा माणूसच मुळात कॅथलिक धर्मगुरू होता आणि तिचा असा वापर होऊ नये म्हणून तो थेट व्हॅटिकनपर्यंत गेला होता.

लमेत्र यांचा जन्म १८९४ चा, बेल्जियममधल्या शार्लरुआ गावचा. शिक्षण जेझुइटांच्या शाळेत, मग लूव्हांच्या कॅथलिक विद्यापीठात इंजिनियरिंग. १९१४ साली जर्मन फौजा देशात घुसल्या तेव्हा वीस वर्षांचा हा मुलगा स्वतःहून सैन्यात गेला आणि चार वर्षे लढला. शौर्यपदक मिळवून परतला. परतल्यावर इंजिनियरिंग सोडून गणित आणि पदार्थविज्ञान घेतले, १९२० मध्ये डॉक्टरेट मिळवली, मग सेमिनरीत गेला आणि १९२३ साली त्याला गुरुदीक्षा मिळाली. त्याच वर्षी केंब्रिजला एडिंग्टन यांच्या हाताखाली अभ्यास, पुढच्या वर्षी अमेरिकेत. सत्याकडे जाणारे दोन रस्ते आपल्याला दिसले आणि आपण दोन्हींनी चालायचे ठरवले, असे त्यांनी पुढे एका मुलाखतीत सांगितले. छायाचित्रांत ते आइनस्टाइनच्या शेजारी उभे दिसतात तेही गळ्यातल्या पांढऱ्या पट्टीसह, काळ्या पोशाखात.

१९२७ साली लमेत्र यांनी ब्रसेल्सच्या एका फारशा न वाचल्या जाणाऱ्या नियतकालिकात फ्रेंचमध्ये निबंध लिहिला. दूरची तारकाविश्वे आपल्यापासून लांब पळताना दिसतात, जितकी दूर तितक्या अधिक वेगाने. लमेत्र म्हणाले, ती अवकाशातून पळत नाहीत, अवकाशच ताणले जाते आहे. भोगीच्या दिवशी बाजरीच्या भाकरीला तीळ लावतात. ती तव्यावर टम्म फुगली की तीळ एकमेकांपासून दूर होतात, पण एकही तीळ जागचा चालत गेलेला नसतो. तसे. रशियन गणिती फ्रीडमन यांनी १९२२ मध्ये अशी समीकरणे सोडवली होती, पण ती प्रत्यक्ष आकाशाला लावून पाहिली लमेत्र यांनी. त्याच वर्षी ब्रसेल्सला आइनस्टाइन भेटले. गणित बरोबर आहे, पण त्यातले पदार्थविज्ञान आपल्याला मुळीच पटत नाही, असे त्यांनी तोंडावर सांगितले.

दोन वर्षांनी हबल यांनी निरीक्षणांसह तोच संबंध मांडला आणि नाव त्यांचे झाले. लमेत्र यांच्या निबंधाचे १९३१ साली इंग्रजी भाषांतर झाले, त्यात या शोधाचा नेमका परिच्छेद गळलेला होता. पुढे अनेकांना यात कटाचा वास आला. २०११ साली जुन्या पत्रव्यवहारातून उलगडा झाला की, भाषांतर खुद्द लमेत्र यांनीच केले होते. आता हबल यांचे आकडे अधिक चांगले आहेत, आपले जुने छापण्यात अर्थ नाही, म्हणून त्यांनीच तो भाग वगळला होता. स्वतःच्या नावावरची जमा असलेली रक्कम स्वतःच्या हाताने खोडणारा माणूस मी तरी बँकेत पाहिलेला नाही. २०१८ साली आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेने मतदान घेऊन त्या नियमाला हबल-लमेत्र नियम म्हणावे अशी शिफारस केली, तेव्हा लमेत्र यांना जाऊन बावन्न वर्षे झाली होती.

विश्व पसरते आहे म्हणजे पूर्वी ते लहान होते. हा धागा धरून मागे मागे जात १९३१ च्या मे महिन्यात त्यांनी 'नेचर'मध्ये एक छोटे पत्र प्रसिद्ध केले: सगळे विश्व एकाच आद्य क्वांटमातून निघाले असावे आणि त्या क्षणी काळ नि अवकाश या शब्दांनाही अर्थ नसावा. या पत्राच्या टंकलिखित प्रतीत शेवटी आणखी एक परिच्छेद होता. देवावर श्रद्धा असणाऱ्याला देव गूढ, लपलेलाच वाटत असतो आणि पदार्थविज्ञानही निर्मितीवर तसाच पडदा धरते आहे हे पाहून त्याला आनंद व्हावा, अशा आशयाचा. छापायला देण्यापूर्वी तो परिच्छेद खोडला गेला. मला त्या खोडलेल्या ओळी छापलेल्या पत्राइतक्याच मोलाच्या वाटतात. माणसाला आत काहीतरी जाणवत होते आणि ते या कागदावर लिहिण्याचे नाही हेही त्याला कळत होते.

हे कळणे जन्मजात नव्हते. तरुणपणी त्यांनीही बायबलमधल्या उत्पत्तीच्या पहिल्या वाक्यांचा पदार्थविज्ञानाशी मेळ घालण्याचा एक प्रयत्न लिहून काढला होता. म्हणजे मी १९९२ साली वसईला जे केले तेच, फक्त कितीतरी अधिक विद्वत्तेने. तो मार्ग त्यांनी सोडून दिला. बायबल हे पदार्थविज्ञानाचे पाठ्यपुस्तक नव्हे, ते लिहिणाऱ्यांना आपल्या काळापुरतेच ज्ञान होते, हे ते पुढे मोकळेपणाने सांगत.

इतरांना मात्र त्यांच्या गळ्यातली पट्टी दिसे. आइनस्टाइन यांच्यापाशी आपण आद्य अणूचा विषय काढला की ते थांबवत, यात निर्मितीचा फार वास येतो म्हणत, अशी आठवण लमेत्र यांनी सांगितली आहे. फ्रेड हॉएल यांनी १९४९ साली बीबीसीवरच्या भाषणात या कल्पनेला 'बिग बँग' असे नाव दिले. त्यांचे स्वतःचे स्थिर विश्व अनादि होते. त्यात आरंभाची भानगड नव्हती. त्यांचे आक्षेप वैज्ञानिक होते, पण आरंभ म्हटला की मागून देव आत शिरेल ही अढीही त्यांच्या मनात होती. माझ्या मते ही काकांच्या कात्रणाचीच दुसरी बाजू. एकाला देव हवा म्हणून महास्फोट हवा, दुसऱ्याला देव नको म्हणून महास्फोट नको. दोघेही एका वहीतली रक्कम दुसऱ्या वहीत टाकतात.

आणि मग १९५१ चा २२ नोव्हेंबर. पोप पायस बारावे यांनी व्हॅटिकनच्या विज्ञान अकादमीपुढे भाषण केले. आजचे विज्ञान मागे मागे जात 'प्रकाश होवो' या आद्य क्षणाचे साक्षीदार बनू पाहते आहे, असा त्याचा सूर. पोप विज्ञानप्रेमी होते आणि हे अंतिम प्रमाण नव्हे, अशी सावधगिरीही त्यांनी भाषणात घेतली होती. पण जगाने ऐकले ते एवढेच की चर्चने महास्फोटावर शिक्का मारला.

कुणाही धर्मगुरूला यात धन्यता वाटली असती. ज्या कल्पनेला वैज्ञानिक अजून हसत होते, तिला साक्षात पोप उचलून धरत आहेत! लमेत्र अस्वस्थ झाले. सिद्धान्त अजून सिद्ध झालेला नव्हता आणि सिद्ध झाला असता तरी तो श्रद्धेचा पुरावा नव्हता. पुढच्या वर्षी खगोलशास्त्रज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद रोमलाच भरायची होती. पोप तिथेही बोलणार होते. लमेत्र यांनी रोमला थांबून व्हॅटिकन वेधशाळेचे संचालक फादर ओ'कॉनेल यांच्याशी बोलणे केले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. आत नेमके काय ठरले ते चार भिंतींनाच ठाऊक. पण ७ सप्टेंबर १९५२ च्या भाषणात पोपनी खगोलशास्त्राची भरपूर स्तुती केली आणि विश्वाच्या आरंभाची निर्मितीशी सांगड घातली नाही.

हेड ऑफिसच्या परिपत्रकात चूक आहे हे चेअरमनच्या कानावर घालणारा शाखाधिकारी डोळ्यांपुढे आणून पाहा, म्हणजे या घटनेचे वजन कळेल. याच चर्चने १६३३ साली गॅलिलिओला गुडघे टेकायला लावून त्याचे मत मागे घ्यायला लावले होते. त्या प्रकरणात आपल्या न्यायाधीशांची चूक झाली, हे पोप जॉन पॉल दुसरे यांनी मान्य केले ते १९९२ च्या ऑक्टोबरात. आमच्या रविवारच्या जेवणाला तेव्हा सहा महिने झाले होते. तीही बातमी मी कापून ठेवली होती, पण काकांना दाखवण्याचे धैर्य झाले नाही.

लमेत्र पुढे १९६० पासून त्याच विज्ञान अकादमीचे अध्यक्ष झाले; आपले सी. व्ही. रामनही तिचे सदस्य होते. १९५८ साली त्यांनी शास्त्रज्ञांच्या सभेत स्वच्छ सांगितले की, आपला सिद्धान्त धर्म आणि अध्यात्म यांच्या प्रश्नांबाहेर राहतो आणि जडवादी माणसाला देव नाकारायला तो पूर्ण मोकळा सोडतो. इतके मोठे स्वातंत्र्य समोरच्याला देऊन हा माणूस रोज आपली प्रार्थना करत राहिला.

त्यांची आणखी एक गोष्ट मला आवडते. त्यांना हिशेबाच्या यंत्रांचे वेड होते. आमच्या शाखेत हँडल फिरवायचे फॅसिट यंत्र होते, तशा यंत्रांवर ते तासन्‌तास आकडेमोड करत. १९५४ साली न दमता आकडेमोड कशी करावी यावर त्यांनी चक्क एक पुस्तक लिहिले. विद्यापीठात बरोज कंपनीचा संगणक आणवला आणि साठी उलटल्यावर त्यावर प्रोग्रॅम लिहायला शिकले. यंत्राला त्यांनी हळदीकुंकू लावले नसणार. पण कॅशच्या खोलीत आणि यंत्राच्या खोलीत माणूस तोच असतो, इतके मला त्यांच्यामुळे पटले.

२०१२ च्या पावसाळ्यात मी वसईला काकांकडे गेलो. पंचाहत्तरी उलटली होती, एका डोळ्याचे ऑपरेशन झाले होते. पडवीत बसून त्यांना हे सारे सांगितले. विश्वाच्या आरंभाची कल्पना एका कॅथलिक फादरने मांडली हे ऐकल्यावर त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे आपलाच माणूस!" मग मी पोपच्या भाषणाचे सांगितले. ते सरसावून बसले. लमेत्र यांच्याआधी सातशे वर्षे संत थॉमस अक्वायनस यांनी लिहून ठेवले आहे, असे मी म्हणालो, की विश्वाला आरंभ होता हे तर्काने सिद्ध करता येत नाही. विश्व अनादि असते तरी ते देवाच्याच आधाराने असते. खाते कधी उघडले हा एक प्रश्न, आणि खाते मुळात आहेच का, हा दुसरा.

काका बराच वेळ अंगणातल्या केळीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "साहेब, पस्तीस वर्षं नोकरी केली. सस्पेन्सला एक रुपया टाकला नाही. आणि देवाला मात्र टाकला."

मला काही सुचेना. टाकायला लावले होते मी.

त्या नाताळात मुलगा आला होता. त्याची हकिकत काकांनीच फोनवर सांगितली. "त्याला म्हटलं, तुझा तेव्हाचा प्रश्न बरोबर होता. उत्तर द्यायला मला वीस वर्षं लागली. नाही सोडणार." मुलगा काही बोलला नाही. चोवीस तारखेला रात्री त्याने गाडी काढून वडिलांना चर्चला नेले, आत आला नाही, बाहेर कठड्यावर बसून राहिला. थंडी होती. मिस्सा संपल्यावर दोघांनी चर्चच्या आवारात कागदी कपातून कॉफी घेतली. काकांच्या आवाजात विजयाचा सूर नव्हता. कॉफीत साखर जास्त होती ही तक्रार तेवढी होती.

२०१८ साली काका गेले. मुलगा दफनविधीला पोचला. पुढे आमचा संपर्क राहिला. लमेत्र यांची १९६४ सालची दूरदर्शनवरची मुलाखत हरवली असे सगळे धरून चालले होते; ती बेल्जियमच्या दूरदर्शनच्या संग्रहात सापडली आणि २०२२ च्या अखेरीस जाहीर झाली, तेव्हा ती मला पाठवली त्यानेच. पडद्यावर पांढऱ्या केसांचा, गुबगुबीत, हसऱ्या डोळ्यांचा एक गृहस्थ फ्रेंचमधून हॉएल यांच्या सिद्धान्ताविषयी शांतपणे बोलतो. त्या मुलाखतीच्या वर्षीच अमेरिकेत पेन्झियस आणि विल्सन यांच्या अँटेनात ती आद्य खरखर ऐकू येऊ लागली होती, जिने पारडे महास्फोटाकडे झुकले. ती बातमी लमेत्र यांच्या कानावर गेली १९६६ साली, मृत्यूच्या जरा आधी.

याच १९६४ साली कोल्हापूरला जन्मलेला एक सव्वीस वर्षांचा तरुण केंब्रिजमध्ये हॉएल यांच्याबरोबर गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धान्त मांडत होता. पारडे झुकल्यावरही डॉ. नारळीकर प्रश्न विचारत राहिले. १९९३ साली हॉएल आणि बरबिज यांच्याबरोबर त्यांनी पुन्हा एक अनादि विश्व मांडले. बहुतेकांना ते पटले नाही. विश्वाचे आजचे मान्य वय १३८० कोटी वर्षे धरतात. पण सगळे एका बाजूला असताना उलट तपासणी करणारा एक तरी ऑडिटर लागतोच. २० मे २०२५ रोजी पुण्यात ते गेले, तेव्हा रात्री मुलाचा फोन आला. "अंकल, त्या दुपारी मी त्यांचं नाव वापरलं. पप्पांना गप्प करायला. ते काही विज्ञान नव्हतं." म्हणजे लाकडी तलवारी त्या दिवशी दोन होत्या.

काकांच्या सातव्या दिवसाच्या मिस्सेनंतर त्याने मला आतल्या खोलीत नेले होते, ते सांगायचे राहिले. वडिलांचे प्रार्थनेचे पुस्तक त्याने माझ्या हातात दिले. त्यात ते कात्रण होते, चार घड्यांवर पिवळे पडून फाटायला आलेले. समासात लाल शाईने, कॅशियरच्या त्या ठसठशीत अक्षरात लिहिले होते: 'सस्पेन्स. नोंद उलटवली.' खाली २४ डिसेंबर २०१२ ही तारीख आणि आद्याक्षरे.

त्याने विचारले, "अंकल, याचा अर्थ काय?" मी त्याला सस्पेन्स खाते समजावून सांगितले, या लेखाच्या सुरुवातीला तुम्हाला सांगितले तसेच. त्याने लक्षपूर्वक ऐकले. पदार्थविज्ञान सोडले असले तरी डोके तेच. म्हणाला, "पण नोंद उलटवली तर ती दुसऱ्या कुठल्यातरी खात्यात जायला हवी ना? ती कुठे गेली?"

मी कात्रण उलटून पाहिले. मागे एका पंख्याची जाहिरात होती. काकांनी दुसरी बाजू लिहिली नव्हती.